पोपटाला फक्त सूर्यफुलाच्या बिया देताय? आधी हे वाचा

आपला देशी हिरवा पोपट पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे घरोघरी आता कॉकाटीलसारखे विदेशी पोपट दिसतात. पण अनेकांचं जेवण एकच: वाटीभर सूर्यफुलाच्या बिया.

यात चूक काय?

या बियांमध्ये चरबी भरपूर, पण कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व अगदी कमी. त्यामुळे यकृतात चरबी साठते, श्वसनाचे संसर्ग होतात. पोपट आजार लपवतो, म्हणून लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

मग द्यायचं काय?

पोपटांसाठीचे पेलेट्स हा मुख्य आहार. सोबत गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला आणि थोडं फळ. मिरचीही चालते, पक्ष्यांना ती झोंबत नाही. बिया फक्त खाऊ म्हणून.

काय टाळायचं?

अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि खारट पदार्थ. अ‍ॅव्होकॅडोतलं पर्सिन पक्ष्यांच्या जिवावर बेतू शकतं.

मात्र बिया एकदम बंद करू नका. अनोळखी खाणं पाहून पोपट उपाशी राहू शकतो. काही आठवड्यांत हळूहळू बदल करा आणि त्याचं वजन तपासत राहा. वजन घटलं, तर लगेच पशुवैद्यांना दाखवा.