जर-तरचे गणित

‘निकाल उलटा लागला असता तर?’ हा प्रश्न तोलताना दोन गोष्टी पाहाव्यात: किती मते फिरायला हवी होती आणि त्याने पुढे काय बदलले असते?

२०२४ मध्ये वायव्य मुंबईतून रवींद्र वायकर ४८ मतांनी लोकसभेवर निवडून आले. एक मत इकडून तिकडे गेले की फरक दोनने घटतो. म्हणजे त्यांचे २५ मतदार अमोल कीर्तिकरांकडे वळते, तर खासदार बदलला असता. सरकार मात्र नाही. रालोआच्या २९३ जागा होत्या, बहुमताला २७२ पुरेशा होत्या.

अमेरिकेत २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी पुढे होते. २६९ मतदार गोर यांच्याकडे वळते, तर त्या राज्याची २५ निर्वाचक मते फिरून राष्ट्राध्यक्षच बदलला असता. बुश यांना अशी २७१ मते होती, आवश्यक २७०.

वर्गात विचारावे: मुंबईत २४च मतदार वळले असते तर? बरोबरी होऊन, कायद्याप्रमाणे, निकाल चिठ्ठीने लागला असता.