पांढरं छापणारा प्रिंटर

मिरचीचा हंगाम भरात आला की भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत ट्रक लावायला जागा मिळत नाही. हिरव्या मिरचीची पोती चढत असतात, हमालांची आरडाओरड चालू असते आणि वास असा की नवख्या माणसाला आधी शिंक येते. या ट्रकांकडे जरा निरखून पाहा. कपाळावर देवाचं नाव, दारावर मालकाचं नाव आणि गाव, मागच्या फळक्यावर एखादा शेर. लाल दारावर पांढरी अक्षरं, निळ्या फळक्यावर पिवळी, आणि त्यांना काळी सावली. ही सगळी पेंटरची करामत.

आता हाच ट्रक ५० पटींनी लहान करून टेबलावर ठेवायचा आहे असं समजा. सांगाडा फोमशीटचा करता येतो, पुठ्ठ्याचा करता येतो, हल्ली थ्रीडी प्रिंटरवरही निघतो. रंगाला स्प्रे आहे. घोडं अडतं ते अक्षरांपाशी. ५०० बाय १२० मिलिमीटरची नंबरप्लेट या प्रमाणात १० बाय २.४ मिलिमीटर होते आणि तिच्यावरची ६५ मिलिमीटरची अक्षरं १.३ मिलिमीटरची. एवढ्या जागेत ‘एमएच २१’ ब्रशने काढणं पेंटरच्या गुरूलाही जमणार नाही. अक्षरं छापावीच लागतात. पिवळ्या पाटीवरचे काळे आकडे कुठल्याही घरगुती प्रिंटरवर निघतील. लाल दारावरचं पांढरं नाव मात्र निघत नाही, कारण घरगुती प्रिंटरमध्ये पांढरी शाईच नसते. निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शायांवर त्याचा संसार चालतो. पांढरं हवं तिथे तो काहीच छापत नाही, कागदाचा पांढरेपणा तसाच सोडून देतो. कागद पांढरा आहे तोवर हे खपून जातं.

मॉडेल करणाऱ्यांचा कागद पांढरा नसतो. त्यांना लागतो डेकलचा कागद. जाड कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर लाखेसारखी पारदर्शक फिल्म आणि फिल्मवर छपाई. कोमट पाण्यात बुडवला की डिंक सुटतो, फिल्म मोकळी होते आणि बोटाने सरकवून हव्या त्या जागी बसवता येते. आईच्या किंवा आजीच्या शिवणयंत्राच्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी आणि कंपनीचं नाव असायचं, ते अशाच जातीच्या ट्रान्सफरने उतरवलेलं असे. सायकलच्या दांड्यावरची नावंही तशीच. कारखान्यात हे काम स्क्रीन प्रिंटिंगने होतं आणि उत्तम होतं. पण स्क्रीन तयार करायची तर निदान काही डझन प्रती तरी खपायला हव्यात. एका ट्रकच्या एका दारासाठी कोण स्क्रीन बनवेल?

ही अडचण १९९० च्या दशकात एका जपानी कंपनीने सोडवली, आणि तीही मॉडेलवाल्यांचा विचार मनात नसताना. आल्प्स इलेक्ट्रिक ही सुटे भाग बनवणारी कंपनी. रेडिओ-अॅम्प्लिफायरची बटणं, स्टुडिओतल्या मिक्सरवर वरखाली सरकणारे फेडर, कीबोर्डचे स्विच, फ्लॉपी ड्राइव्ह असा तिचा माल. इतरांच्या यंत्रांच्या पोटात राहणाऱ्या या कंपनीने मायक्रोड्राय नावाचं तंत्र आणलं आणि स्वतःच्या नावाचे प्रिंटर बाजारात उतरवले. एमडी-१०००, एमडी-५०००, पुढे एमडी-५५००. एमडी-५००० हेच यंत्र ओकी कंपनीने डीपी-५००० या नावानेही विकलं.

आल्प्समध्ये शाई पातळ नसते. राळेसारख्या पदार्थात रंगद्रव्य घोटून ते अतिशय पातळ प्लास्टिकच्या फितीवर चढवलेलं असतं आणि ती फीत छोट्या कॅसेटमध्ये गुंडाळलेली असते. छपाईच्या हेडवर बारीक तापकांची एक रांग. जिथे ठिपका हवा तिथला तापक क्षणभर तापतो, फितीवरची राळ तेवढ्याच जागी वितळून कागदाला चिकटते आणि उरलेली फीत पुढे सरकते. म्हणून पसरणं नाही, वाळण्याची वाट पाहणं नाही, पाणी लागून ओघळणं नाही. इंकजेटवर काढलेलं डेकल वार्निशचा हात न देता पाण्यात घातलं तर रंग पाण्यात उतरतो. आल्प्सच्या छपाईला पाण्याचं भय नाही.

एमडी-५००० चं झाकण उघडलं की आतल्या बाजूला सात कॅसेटी ओळीने बसलेल्या दिसतात. छपाईचा गाडा जाऊन हवी ती कॅसेट स्वतः उचलतो, तिचं काम झालं की ती जागेवर ठेवतो आणि दुसरी घेतो. यंत्र खटखट आवाज करतं, कागद मागे ओढतं, पुन्हा पुढे सोडतं. एक पान निघायला कित्येक मिनिटं लागतात. दुकानात गिऱ्हाईक उभं असेल तर वैतागच. पण त्या सात जागांमध्ये काय काय बसवता येत असे ते पाहिलं की मॉडेलवाले या यंत्रामागे का वेडे झाले ते कळतं. नेहमीचे चार रंग तर होतेच. शिवाय पांढरा. सोनेरी आणि रुपेरी, तेही धातूसारखे चमकणारे.

पांढऱ्याची छपाई करायची तऱ्हाही मजेशीर. समजा मालकाचं नाव पिवळ्या अक्षरात हवं आहे आणि दार गडद निळं आहे. पिवळी शाई अर्धपारदर्शक, निळ्यावर थेट बसवली तर हिरवट मळकट दिसणार. म्हणून आधी तीच अक्षरं पांढऱ्याने छापायची, कागद मागे ओढायचा आणि त्यावर नेमकी पिवळी बसवायची. पांढरा एका हाताने झाकत नसेल तर दोन हात. कागद केसभर जरी सरकला तरी अक्षराच्या एका कडेला पांढरी किनार दिसू लागते आणि सगळं पान वाया. तरी माझ्या मते घरी बसून पारदर्शक फिल्मवर झाकणारा पांढरा छापणं या एका कामात आल्प्सच्या तोडीचं दुसरं घरगुती यंत्र झालं नाही.

परदेशातल्या मॉडेलवाल्यांना आल्प्स नसला तरी फार बिघडत नव्हतं. अमेरिकेतल्या रेल्वेकंपन्यांची, इंग्रजांच्या लढाऊ विमानांची, जर्मन रणगाड्यांची तयार डेकलं पाकिटात मिळतात. आपल्याकडे तो प्रकार नावापुरताच. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून उभं आहे आणि तिथे इवल्याशा गाड्या पाहून पोरांचे डोळे विस्फारतात. पण ते पाहून घरी येणाऱ्या पोराला एकेकाळी घाटात धावणारं ‘खेकडा’ इंजिन करावंसं वाटलं, तर त्याच्या अंगावरची देवनागरी अक्षरं विकत मिळायची शक्यता जवळपास शून्य. एसटीची मॉडेलं करणारी मंडळी महाराष्ट्रात गावोगाव आहेत. १९४८ साली १ जूनला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली गाडी धावली तेव्हापासूनच्या रंगसंगती त्यांना तोंडपाठ असतात. त्यांनाही आगाराचं नाव आणि ‘महाराष्ट्र राज्य परिवहन’ ही अक्षरं स्वतःच बनवावी लागतात. म्हणजे ज्या प्रिंटरची गरज मराठी हौशी माणसाला सर्वांत जास्त, तोच इथल्या बाजारात कधी सहज दिसला नाही.

देवनागरीचा आणखी एक पेच आहे. एचओ म्हणजे ८७ पटींनी लहान प्रमाण धरा. इंजिनावरचं १५ सेंटिमीटर उंचीचं ‘म.रे.’ त्यात सुमारे १.७ मिलिमीटर उरतं. शिरोरेखा २ सेंटिमीटर जाड असेल तर ती पाव मिलिमीटरहूनही बारीक. ६०० डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.०४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे शिरोरेखेच्या वाट्याला पाच-सहा ठिपके. रोमन अक्षराला एवढ्यात भागतं. आपल्याकडे शिरोरेखेवर मात्रा, मात्रेशेजारी अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षराची गुंतवळ. ‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द एवढ्या आकारात वाचता आला तरच छपाई जमली म्हणायचं. आल्प्सची राळ पसरत नसल्यामुळे ती जमत असे.

अक्षरं आणायची कुठून हाही प्रश्नच. डीटीपीच्या दुकानात कोरलड्रॉ असतं, श्रीलिपीचे फाँट असतात, ऑपरेटर पाच मिनिटांत नाव टाइप करून कर्व्ह करून देतो. पण ट्रकवरचं अक्षर फाँटचं नसतं. पेंटरचा ‘ल’ पोट सुटलेला असतो, ‘श’ची गाठ मोठी असते आणि जागा कमी पडली की शेवटची दोन अक्षरं दाटीवाटीने उभी राहतात. ते फाँटमध्ये बसवलं की मॉडेल खोटं दिसतं. म्हणून जाणकार लोक समोरून, सरळ उभं राहून फोटो काढतात, अक्षराशेजारी मोजपट्टी धरतात आणि संगणकावर प्रत्येक अक्षर गिरवून घेतात. हा खटाटोप आताच करून ठेवलेला बरा. गावोगावच्या रेडियमवाल्यांकडे प्लॉटर आले आहेत आणि नव्या गाड्यांची नावं तिथेच कापून निघतात. पेंटरचा ट्रक भंगारात गेला की त्याची अक्षरंही गेली.

छापलेलं डेकल बसवणं ही वेगळीच कला, आणि बहुतेकांची माती होते ती इथे. रंग मॅट असेल तर त्याच्या खरखरीत अंगावर फिल्म नीट टेकत नाही, खाली हवा राहते आणि अक्षराभोवती चंदेरी पापुद्रा दिसू लागतो. म्हणून आधी चकचकीत वार्निशचा हात. मग अक्षराच्या कडेला लागून डेकल कापायचं, चिमट्यात धरून कोमट पाण्यात सोडायचं आणि थांबायचं. घाई करून ओढलं की फिल्म फाटते. सुटलं की ओल्या ब्रशने मॉडेलवर सरकवायचं, जागा पक्की झाली की कापडाच्या टोकाने पाणी टिपायचं. खिळ्यांच्या डोक्यांवर किंवा दाराच्या खाचेवर बसवायचं असेल तर फिल्म मऊ करणारं द्रावण लावतात. ते लावल्यावर डेकल आधी सुरकुततं आणि नवखा माणूस घाबरून बोट लावतो. लावू नये. वाळता वाळता ते आपोआप खाचेत बसतं. शेवटी मॅट वार्निश, म्हणजे चकाकी जाते आणि राळेला ओरखडाही उठत नाही.

एवढं गुणी यंत्र बंद का पडलं? सरळ हिशेब. इंकजेट स्वस्त झाले आणि फोटो झपाट्याने काढू लागले. आल्प्सला फोटो काढायचा तर फीत भराभर संपायची, कारण एक ठिपका छापला काय किंवा शंभर, फीत तेवढीच पुढे सरकते आणि वापरलेली फीत परत कामाला येत नाही. कंपनीने २०१० मध्ये प्रिंटरची विक्री थांबवली आणि २०१५ मध्ये फितींचीही. २०१९ मध्ये आल्प्स इलेक्ट्रिक आणि अल्पाइन एकत्र होऊन आल्प्स अल्पाइन झाली. तिचे सेन्सर आणि स्विच आजही गाड्यांमध्ये असतात. प्रिंटरचं नाव ती आता घेत नाही.

मागे राहिलेल्यांची तऱ्हा मात्र पाहण्यासारखी आहे. पांढऱ्या फितींच्या कॅसेटी लोकांनी केशरासारख्या जपून ठेवल्या. ज्या काळी हे प्रिंटर आले तेव्हा संगणकाला जाडजूड पॅरलल पोर्ट असे. आज तो कुठल्याच लॅपटॉपला नाही, म्हणून केवळ या एका प्रिंटरसाठी विंडोज एक्सपीचा जुना खोका कोपऱ्यात सांभाळणारे आहेत. रबराचे रोलर कडक होतात, कागद घसरतो आणि मग एका यंत्राचे भाग दुसऱ्याला लावून दोन्हींचं आयुष्य थोडं वाढवायचं, एवढंच हातात उरतं.

तापकाने राळ वितळवून छापण्याची विद्या मात्र मेलेली नाही. दुकानात वस्तूवर जी बारकोडची चिठ्ठी चिकटलेली असते ती पुष्कळदा अशाच फितीने छापलेली असते. त्या प्रिंटरसाठी पांढरी फीतही मिळते. अडचण बारकाव्याची. नेहमीचे बारकोड प्रिंटर २०३ किंवा ३०० डीपीआयचे असतात आणि ३०० डीपीआयवर आपल्या त्या शिरोरेखेला जेमतेम तीन ठिपके येतात. ट्रकच्या मागच्या मोठ्या अक्षरांना हे पुरेल, नंबरप्लेटला पुरणार नाही.

दुसरी वाट पांढऱ्या टोनरची. ओकीने पांढरा टोनर असलेले लेसर प्रिंटर काढले. ते महाग आहेत, घरी एकट्याने घेण्यासारखे नाहीत. शहरातल्या टी-शर्ट छापणाऱ्यांकडे आणि स्टिकरवाल्यांकडे आता यूव्ही डीटीएफ यंत्रं आली आहेत. त्यांत पांढरी शाई असते आणि पान स्वस्तात निघतं, पण थर जाड असतो. १.३ मिलिमीटरच्या अक्षराला तो बोटाला लागतो, आणि फोटोत तर अक्षर चिकटवल्यासारखं उठून दिसतं. मोठ्या प्रमाणातल्या मॉडेलला, म्हणजे फोमशीटच्या दोन फुटी एसटीला, हाच मार्ग सर्वांत सोपा आणि मी तोच सुचवीन. लहान मॉडेलसाठी एक जुनी युक्ती अजून चालते. पांढऱ्या डेकल कागदावर आधी दाराचाच लाल रंग छापायचा, अक्षराची जागा कोरी सोडायची आणि सगळं दार एकच डेकल म्हणून चढवायचं. छापलेला लाल आणि स्प्रेचा लाल जुळवताना डोकं फिरतं, पण दाराच्या चौकटीपाशी जोड लपवता येतो.

राहता राहिला प्रश्न जुना आल्प्स घ्यावा का, याचा. परदेशातून कोणी चालू यंत्र देऊ केलं तर आधी फितींचं विचारा. पांढऱ्या फितीच्या न उघडलेल्या कॅसेटी सोबत नसतील तर फुकट दिलं तरी घेऊ नका. काळी अक्षरं तुमचा घरातला लेसर प्रिंटरही तितकीच चांगली काढतो. फिती असतील, त्या थंड कोरड्या जागी ठेवलेल्या असतील आणि देणारा समोर एक पान छापून दाखवत असेल, तर विचार करायला हरकत नाही. जपानी यंत्र १०० व्होल्टचं असतं हे ध्यानात ठेवा. ट्रान्सफॉर्मर न लावता आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात ते घालू नका.