वयाचा पुरावा नाही म्हणून आजीची पेन्शन अडलीय? कातकरी वाडीवरच्या ज्येष्ठांसाठी हे करा

रायगड : दिवाळी झाली की कर्जत, सुधागड, पेणकडच्या कातकरी वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. कर्ती माणसं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात. मागे राहतात ती बरीचशी म्हातारी माणसं. त्यांच्यासाठी योजना आहेत, पण कागदांसाठी तालुक्याला हेलपाटे मारणार कोण? म्हणून ही कामं तरुण मंडळी वाडीत असतानाच उरकलेली बरी.

पेन्शन : श्रावणबाळ योजनेत 65 वर्षं पूर्ण झालेल्या निराधारांना महिन्याला 1,500 रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत करायचा.

वयाचा पुरावा : जुन्या माणसांकडे शाळेचा दाखला नसतो. तो नसला तरी रेशनकार्ड किंवा मतदार यादीतल्या वयाचा उतारा चालतो. तेही नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडून वयाचा दाखला घेता येतो. त्यामुळे ‘दाखला नाही’ एवढं ऐकून परत फिरू नका.

दवाखाना : 70 वर्षांपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही. योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत. गोळ्या-औषधांचा रोजचा खर्च यात बसत नाही, त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. कार्ड आयुष्मान ॲपवर नातवाच्या मोबाईलवरूनही निघतं. कष्टाने बोटांचे ठसे झिजले असतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे.

प्रवास : 75 वर्षांपुढच्यांना राज्यात एसटी मोफत, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट. ओळखपत्र जवळ ठेवा.

शिबिर : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन जमातींसाठी नोव्हेंबर 2023 पासून पीएम जनमन अभियान सुरू आहे. त्याच्या शिबिरात आधार, जातीचा दाखला, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड अशी कामं होतात. शिबिर कधी आहे ते ग्रामपंचायतीत किंवा आशाताईंना विचारा.

पेन्शन सुरू झाली तरी काम संपत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो; तो राहिला की पैसे थांबतात, आणि म्हाताऱ्या माणसाला कारणही कळत नाही. वाडीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराने ज्येष्ठांची यादी करावी, कुणाचा कोणता कागद बाकी आहे ते लिहावं आणि भट्टीवर जायच्या आधी ती आशाताई व तलाठ्यांकडे द्यावी. अडचण आली तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे.