निकालानंतरचा वकील

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. अपिलाच्या वकिलाकडे येणारा माणूस ती पायरी एकदा चढून, घसरून आलेला असतो. साक्षी-पुरावे संपलेले, निकाल लागलेला, कधी अशील तुरुंगातही गेलेला. इतर वकिलांचे काम जिथे थांबते तिथे याचे सुरू होते.

मेलबर्नच्या उत्तर टोकाचे क्रेगीबर्न हे भारतीयांचे चांगलेच ओळखीचे उपनगर. २०२१ च्या जनगणनेत इथली वस्ती पासष्ट हजारांच्या वर गेली. मुलाने डॉक्टर व्हावे की आयटीत जावे, याचा खल इथल्या मराठी घरांतही होतो. वकिलीचे नाव क्वचित निघते आणि अपिलाच्या वकिलीचे तर नाहीच. वास्तविक या व्यवसायाचे माहेरघर क्रेगीबर्नच्याच रेल्वेमार्गावर आहे. क्रेगीबर्नच्या गाडीने सिटी लूपमधल्या फ्लॅगस्टाफ स्टेशनावर उतरले, की जवळच विल्यम स्ट्रीट. तिथे सुप्रीम कोर्ट, काउंटी कोर्ट आणि बॅरिस्टरांच्या चेंबर्स अगदी शेजारी-शेजारी आहेत.

कोर्टांची उतरंड

आपल्या माणसाचा इथे पहिला गोंधळ होतो तो नावांचा. भारतात हायकोर्ट राज्याचे आणि सुप्रीम कोर्ट देशाचे. ऑस्ट्रेलियात नेमके उलटे. क्रेगीबर्नकराचा खटला बहुधा ब्रॉडमेडोजच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात सुरू होतो. गंभीर गुन्हा असेल तर तो काउंटी कोर्टात किंवा व्हिक्टोरियाच्या सुप्रीम कोर्टात ज्युरीपुढे चालतो. तिथल्या निकालाविरुद्ध दाद मागायची ती सुप्रीम कोर्टाच्याच ‘कोर्ट ऑफ अपील’ या शाखेत. ही शाखा १९९५ मध्ये सुरू झाली. त्याही वर कॅनबेराचे सात न्यायाधीशांचे हायकोर्ट ऑफ ऑस्ट्रेलिया.

वरच्या कोर्टाचे दार मात्र आपोआप उघडत नाही. फौजदारी प्रकरणात शिक्षेपासून २८ दिवसांत परवानगीचा अर्ज करावा लागतो. ‘निकाल मला पटला नाही’ हे कारण चालत नाही. न्यायाधीशाची चूक, किंवा ज्युरीचा निकाल पुराव्यावर टिकत नाही, हे दाखवावे लागते. शिक्षा कठोर वाटते म्हणून वरचे कोर्ट आपली पसंती तिच्या जागी बसवणार नाही, हे १९३६ च्या ‘हाऊस’ खटल्याने ठरवून दिले आणि तो दाखला आजही रोज दिला जातो. शिक्षा देताना चुकीचे तत्त्व लावले, गैरलागू गोष्ट विचारात घेतली, महत्त्वाची गोष्ट सोडली, किंवा शिक्षा इतकी अवाजवी आहे की कुठेतरी चूक झालीच असली पाहिजे, यांपैकी काहीतरी सिद्ध व्हावे लागते.

म्हणून अपिलाचा वकील आधी वाचक असतो. खटल्यातला शब्दन् शब्द टंकलिखित होऊन त्याच्यासमोर येतो. ज्युरीला कायदा समजावताना न्यायाधीश काय बोलले, कुठला पुरावा वगळला, बचावाच्या वकिलाने कुठे हरकत घ्यायला हवी होती आणि घेतली नाही, हे सारे पान आणि ओळ दाखवून मांडायचे असते. दहा मुद्दे सापडले तरी दोन-तीनच लढवायचे, कारण कच्चा मुद्दा पक्क्यालाही खाली ओढतो. हायकोर्टात ‘स्पेशल लीव्ह’च्या, म्हणजे विशेष परवानगीच्या, अर्जाला बारा पानांची मर्यादा आहे. त्यावर तोंडी सुनावणी झालीच, तर साधारण वीस मिनिटे मिळतात.

एक गाजलेले अपील

कार्डिनल जॉर्ज पेल यांचे प्रकरण मेलबर्नकरांना अजून आठवते. बाल लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली डिसेंबर २०१८ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवले. पुढे सहा वर्षांची शिक्षा झाली. खटल्यात बचाव रॉबर्ट रिक्टर यांनी केला होता. अपिलासाठी सिडनीचे ब्रेट वॉकर उभे राहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने दोन विरुद्ध एक मतांनी अपील फेटाळले. ७ एप्रिल २०२० रोजी हायकोर्टाने सातही न्यायाधीशांच्या एकमताने दोषसिद्धी रद्द केली.

वॉकर यांनी फिर्यादीला खोटे ठरवण्यावर भर दिला नाही. तेव्हा आर्चबिशप असलेले पेल प्रार्थनेनंतर कुठे उभे असत, सोबत कोण असे, याबद्दलच्या इतर साक्षींना सरकार पक्षाने पुरेसे खोडलेले नव्हते. फिर्यादी विश्वासार्ह वाटला तरी त्या साक्षींमुळे वाजवी शंका उरतेच, एवढाच मुद्दा निर्णायक ठरला. निकालावर समाजात दोन तट पडले ते पडलेच. पण खटल्याचा आणि अपिलाचा वकील वेगळा का असतो, ते यातून कळते. एक ज्युरीला पटवतो, दुसरा नोंदींवर बोट ठेवतो.

आपल्या घरची परंपरा

मराठी माणसाला ही वाट परकी नाही. १८६२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई हायकोर्टात ‘ओरिजिनल साइड’ आणि ‘अपेलेट साइड’ असे दोन भाग पडले आणि ते आजही आहेत. ओरिजिनल साइडवर इंग्रज बॅरिस्टरांचा वरचष्मा. एतद्देशीय वकिलांनी नाव कमावले ते अपेलेट साइडवर. विश्वनाथ नारायण मंडलिक त्यांतले अग्रणी. काशिनाथ त्र्यंबक तेलंग तर पुढे न्यायासनावर बसले.

त्या काळी भारत आणि ऑस्ट्रेलिया या दोन्हींचे शेवटचे अपील एकाच ठिकाणी चाले, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये. १९०८ च्या राजद्रोह खटल्यात लोकमान्य टिळकांना तिथे अपिलाची परवानगीच मिळाली नाही. ताईमहाराज दत्तक प्रकरणात मात्र १९१५ मध्ये तिथेच हायकोर्टाचा निकाल फिरला आणि टिळक जिंकले. १९३९ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर नेमले गेले. भारताने हा दुवा १९४९ मध्ये तोडला. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांचा तो १९८६ पर्यंत टिकला.

वाट कशी आहे?

अपिलाच्या वकिलीची वेगळी सनद नसते. कायद्याची पदवी, त्यानंतरचे व्यावहारिक प्रशिक्षण आणि सुप्रीम कोर्टात वकील म्हणून नोंद, हा पहिला टप्पा. भारतात एलएलबी झालेल्यांची पदवी व्हिक्टोरियन लीगल ॲडमिशन्स बोर्ड तपासते आणि ठरलेल्या अकरा विषयांपैकी जे कमी पडतात ते इथे पूर्ण करायला लावते. पुढे काही वर्षे सॉलिसिटर म्हणून किंवा न्यायाधीशांच्या हाताखाली काम. मग व्हिक्टोरियन बारची परीक्षा, नवोदितांचा वर्ग आणि ज्येष्ठ बॅरिस्टरकडे उमेदवारी. सुरुवातीला अपिलात ज्येष्ठांच्या मागे बसून टिपणे काढायची. अनुभव आणि नाव झाले, की ‘किंग्ज कौन्सेल’चा मान.

उत्पन्नाची हमी नाही. बॅरिस्टर स्वतंत्र व्यावसायिक असतो. आज हाताला काम, उद्या नाही. शिवाय वेळ आणि विषय जुळत असतील, तर अशील आवडला नाही म्हणून खटला नाकारता येत नाही.

या वकिलाचा कस लागतो तो बहुतेक वेळा कोर्टाबाहेरच. हरलेले घर आशेने समोर बसलेले असते आणि सगळी नोंद वाचून झाल्यावर त्याला सांगावे लागते, ‘यात अपिलाजोगे काही नाही.’ फी बुडते, शब्द जिव्हारी लागतात. पण न्यायाधीशांचा त्याच्यावरचा विश्वास अशाच नकारांतून तयार होतो. घरात मोठ्याने वाद घालणाऱ्या पोराला आपण ‘हा वकील होणार’ म्हणून मोकळे होतो. अपिलासाठी त्याच्या बहिणीकडे पाहावे. खेळाचे नियम शेवटच्या पानापर्यंत वाचून ‘पण इथे तर असं लिहिलंय’ म्हणणारी तीच असते.