मचव्याचा तुटलेला बोल्ट

न्हावा-शेव्याच्या बाजूस राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना समुद्र हा घरच्या अंगणाइतकाच परिचयाचा आहे. १९८९ सालच्या मे महिन्यांत येथें मोठें बंदर सुरू झालें, आणि तेव्हांपासून प्रचंड जहाजें पाहण्याची सर्वांच्या डोळ्यांना संवय झाली. परंतु त्याच पाण्यांत कोळी बांधवांचे मचवे व उतारूंच्या लाँचीही चालतात, आणि त्यांची सारी भिस्त बोटाएवढ्या जाडीच्या चार-सहा बोल्टांवर असते, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत येते. माझ्याही ध्यानांत ती एका प्रसंगानेंच आली.

चार वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या मचव्यांतून मी मोऱ्याकडे परत येत होतों. संध्याकाळ होत आली होती व ओहोटी लागली होती. अकस्मात् खालून मोठा खणखणाट झाला. एंजिन पूर्वीपेक्षां अधिकच वेगानें धडधडूं लागलें, पण मचवा मात्र पुढें सरकेना. तांडेलांनीं तत्काळ एंजिन बंद केलें व नांगर टाकला. प्रवाह आम्हांस मोठ्या जहाजांच्या वाटेकडे ओढीत होता, आणि भरलेलें जहाज मनांत आणलें तरी एकाएकीं थांबूं शकत नाहीं. सुदैवानें नांगरानें तळचा चिखल धरला व दुसऱ्या मचव्यानें आम्हांस ओढून धक्क्याला आणलें. पाहतों तों एंजिन व पंख्याचा शाफ्ट यांना जोडणारे चारही बोल्ट तुटले होते! तेव्हां तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, आठ दिवस त्या नटांभोंवतीं तांबडी पूड दिसत होती. मी रोज चिंधीनें पुसून टाकीत होतों."

ती तांबडी पूड म्हणजे काय, हें समजण्यासाठीं प्रथम या जोडाची रचना पाहूं. एंजिनाच्या गिअरपेटीच्या टोकाला एक लोखंडी चकती असते. पंख्याच्या शाफ्टाच्या टोकाला तशीच दुसरी. दोन्ही चकत्या समोरासमोर ठेवून बोल्टांनीं आवळतात. बोल्ट हे खुंट्यांप्रमाणें केवळ आडवे उभे असतात, अशी पुष्कळांची समजूत आहे; ती अपुरी आहे. दोन पुस्तकें तळहातांमध्यें घट्ट दाबून धरा; तीं एकमेकांवरून घसरत नाहींत. हात सैल सोडा, कीं लगेच घसरतात. आवळलेला बोल्ट किंचित् ताणला जातो व स्प्रिंगप्रमाणें चकत्यांना एकमेकींवर दाबून ठेवितो. त्या दाबामुळें होणारें घर्षणच बहुतेक भार वाहतें. नट सैल झाला म्हणजे चकत्या सूक्ष्म प्रमाणांत घासूं लागतात. झिजलेल्या लोखंडाचे कण गंजतात. आणि तीच ती तांबडी पूड. ती घाण नव्हे, तो इशारा आहे.

आतां एवढा जाड बोल्ट तुटतो कसा? लोखंडी तार एकदां वांकविली तर तुटत नाहीं. पुनः पुनः वांकविली तर तुटते. शाफ्ट मिनिटाला ६०० फेरे करीत असेल, तर एका तासांत ३६,००० फेरे होतात. शाफ्ट व एंजिन एका रेषेंत नसतील, तर प्रत्येक फेऱ्यास बोल्ट एकदां वांकतो. आट्यांच्या तळाशीं केसाएवढी भेग पडते आणि ती वाढत जाते. १८४२ सालीं फ्रान्स देशांत व्हर्सायजवळ आगगाडीचा आंस असाच तुटून पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. पुढें जर्मनींतील व्होलर या एंजिनिअरानें आगगाडीच्या आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग करून दाखविलें कीं, एका वेळीं सहज पेलेल असा भारही लाखों वेळां पडल्यास धातूला थकवितो.

तुटलेल्या बोल्टाचें तोंड भिंगाखालीं पाहा. ओहोटीचें पाणी मागें हटतांना वाळूवर जशा रेषा उमटतात, तशा रेषा एका भागांत दिसल्या तर भेग बरेच दिवस वाढत होती असें समजावें. उरलेला खरबरीत भाग शेवटच्या क्षणीं तुटलेला. आमच्या चारांपैकीं तीन बोल्टांवर अशा रेषा होत्या. चौथा नवा होता. महिन्यापूर्वीं एक तुटला म्हणून तेवढाच बदलला होता. जुन्या तिघांत भेगा आधींच असल्यानें नव्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. यास्तव एक तुटला तरी सर्व बदलावे.

बोल्ट आरपार असेल, तर तुकडा ठोकून निघतो. चकतीच्या आट्यांतच तो अडकला असेल, तर घाई करूं नये. गंज सोडविणारें पातळ तेल घालून कांहीं तास वाट पाहावी. टोंक वर असेल तर त्यावर नट वेल्ड करून पान्यानें फिरवावें. वेल्डिंगच्या उष्णतेनेंही गंज सुटतो. टोंक आंत असेल तर बरोबर मध्यभागीं खूण ठोकून उलट्या दिशेनें कापणारा बरमा चालवावा. पुष्कळदां तुकडा बरम्याबरोबरच बाहेर येतो. न आल्यास उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर वापरावा, पण बेतानें. तो फार कठीण व ठिसूळ असतो. आंत मोडला तर साधा बरमा त्याला कापूं शकत नाहीं.

नवा बोल्ट घेतांना त्याच्या डोक्यावरील आंकडे वाचावे. ८.८ यांतील पहिला आठ म्हणजे तुटण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, आणि दुसरा आठ म्हणजे तिच्या आठ-दशांश भारापर्यंत बोल्ट कायमचा ताणला जात नाहीं. चकाकणारा स्टेनलेस बोल्ट गंजत नाहीं खरा, पण सामान्य जातीचा असल्यास तो याहून दुबळा असतो. बोल्ट समोरासमोरच्या क्रमानें, मापाच्या पान्यानें आवळावे, आणि कांहीं तास एंजिन चालल्यावर पुनः तपासावे.

सर्वांत महत्त्वाचें काम मात्र आवळण्यापूर्वींचें. लांकडी मचवा जमिनीवर एका आकाराचा असतो व पाण्यांत उतरल्यावर किंचित् बदलतो. म्हणून तो पाण्यांत एक-दोन दिवस स्थिरावल्यावर चकत्यांमधील फट वर, खालीं, डावीकडे व उजवीकडे मोजावी. पांच इंच व्यासाच्या चकतींत हा फरक इंचाच्या पांच सहस्रांशांहून अधिक नसावा.

त्या मुलानें आतां प्रत्येक नटावरून चकतीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आहे. रेघ तुटक दिसली कीं नट हलला. पूड आजही कधीं कधीं दिसते. परंतु ती पुसण्यापूर्वीं तो वडिलांना हांक मारतो.