टोळीचा म्होरक्या नेमकं करतो काय?



आजचा विषय मला एका अकरावीतल्या मुलानं दिला. मी बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात राहतो. आयटी पार्क आणि सोसायट्यांचा हा भाग. लातूरपासून कोल्हापूरपर्यंतची मराठी कुटुंबं इथं भेटतात. त्यातल्याच एका घरातल्या मुलानं लिफ्टपाशी मला मोबाइलवर रील दाखवलं. मुंबईतला एक जुना 'डॉन', मागे गाणं, पुढे-मागे माणसं. मुलगा म्हणाला, "काका, तुम्हीही फौजेत माणसं सांभाळलीत. हाही सांभाळायचा. मग लीडर म्हणून हा कुठं कमी पडतो?"

आधी राग आला. मग वाटलं, प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ द्यायला हवं. त्याला दिलं तेच आज तुम्हाला सांगतो.

टोळी म्हणजे चार गुंडांचा घोळका नव्हे. घोळका भांडण झालं की पांगतो, टोळी टिकते. ती टिकते म्होरक्याच्या चार कामांमुळे.

पहिलं काम निवाड्याचं. बेकायदा धंद्यात पैसे बुडाले तर कोर्टात जाता येत नाही. मटका असो, दारू असो की जमिनीचा काळा व्यवहार, तंटा मिटवायला कुणीतरी लागतो. म्होरक्या तो मिटवतो आणि दोन्हीकडून हिस्सा घेतो. मुंबईत याला 'सेटलमेंट' म्हणतात. हळूहळू साधा घरमालकही कोर्टातली वर्षं वाचवायला त्याच्या दारात जातो, आणि तिथंच अडकतो.

दुसरं काम पैसा वाटण्याचं. आत गेलेल्या पोराचा वकील, त्याच्या घरचा किराणा, बहिणीचं लग्न. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या हजारो घरांच्या चुली थंडावल्या. त्या चाळींतल्या बेकार पोरांना पगार, मान आणि 'आपला माणूस' हे तिन्ही एका जागी मिळालं, ते टोळीत. भायखळ्याच्या दगडी चाळीतला अरुण गवळी याच काळात मोठा झाला. २००४ मध्ये तो आमदारही झाला. तेव्हा नुसत्या भीतीवर हे चालतं असं समजू नका. उपकाराचं ओझं भीतीपेक्षा जड असतं.

तिसरं काम नावाचं. खंडणीच्या फोनवर बंदूक दिसत नाही, फक्त नाव ऐकू येतं. राजेंद्र निकाळजे हा चेंबूरचा पोरगा. त्याचा म्होरक्या 'बडा राजन' १९८३ मध्ये मारला गेला, आणि हा 'छोटा राजन' झाला. माणूस गेला तरी नाव वारशानं चालवलं, कारण भांडवल नावातच होतं. म्हणून नावाला धक्का लागला की म्होरक्या सूड घेतो. १९९२ मध्ये दाऊद इब्राहिमच्या मेहुण्याचा खून झाला. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला जे. जे. रुग्णालयात घुसून बदला घेतला गेला. त्यात पहाऱ्यावरचे दोन पोलीस हकनाक गेले.

चौथं काम ओळखींचं. पोलीस, पुढारी, बिल्डर, सरकारी बाबू. हे धागे म्होरक्या स्वतःच्याच हातात ठेवतो. याचा एक धागा तर आमच्या बेंगळुरूत आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये छोटा राजन बालीत पकडला गेला, तेव्हा त्याच्याजवळ 'मोहन कुमार' या नावाचा भारतीय पासपोर्ट होता. तो बेंगळुरूहून काढलेला होता. एप्रिल २०१७ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं त्याला आणि पासपोर्ट कार्यालयातल्या तिघा निवृत्त कर्मचाऱ्यांना प्रत्येकी सात वर्षांची शिक्षा सुनावली. बंदूक चालवणारे ढिगानं मिळतात. असा कागद करून देणारा मिळणं हीच म्होरक्याची खरी ताकद.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. फौजेत चढाईला कंपनी निघते तेव्हा कंपनी कमांडर जवानांबरोबर असतो. हुकूम त्याचा असतो, जबाबदारीही त्याची. हुकूम चुकला तर चौकशी त्याची होते. टोळीची रचना बरोबर याच्या उलट. म्होरक्या आणि गोळी यांच्यामध्ये जितके थर घालता येतील तितके घालायचे. वर बसलेला खालच्याला सांगतो, तो आणखी खालच्याला. गोळी झाडणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही की सुपारी कुणी दिली आणि का. ११ जून २०११ ला पत्रकार जे. डे यांचा पवईत खून झाला, तेव्हा छोटा राजन या देशातच नव्हता. पकडलं जातं ते खालचं पोर. त्याच्या आईला कोर्टाच्या तारखा पाठ होतात.

हे थर भेदायचे कसे? साध्या कायद्यात प्रत्येक गुन्हा सुटा धरला जायचा, त्यामुळे वरचा निसटायचा. म्हणून महाराष्ट्रानं १९९९ मध्ये मोक्का आणला आणि पाठोपाठ २००० मध्ये कर्नाटकानंही तसाच कायदा केला. त्यात एकट्या गुन्ह्याकडे न पाहता टोळीचा चालू असलेला धंदाच गुन्हा धरला जातो. जामीन अवघड होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारी हा देशभरासाठी स्वतंत्र गुन्हा झाला आहे. परिणामही दिसले. नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या २००७ मधल्या खुनासाठी गवळीला २०१२ मध्ये जन्मठेप झाली. जे. डे खटल्यात राजनला २०१८ मध्ये. रवी पुजारीला फेब्रुवारी २०२० मध्ये आफ्रिकेतल्या सेनेगलहून थेट आमच्या बेंगळुरूत आणलं गेलं.

पण म्होरक्या आत गेला की टोळी संपली, असं मानू नका. सिसिलीत माफियाचा प्रमुख तोतो रिइना १९९३ मध्ये पकडला गेला. पुढे सूत्रं हाती घेणाऱ्या प्रोव्हेन्झानोनं बॉम्बस्फोट थांबवले, चिठ्ठ्यांवर कारभार चालवला आणि २००६ पर्यंत तो सापडला नाही. मेक्सिकोत उलट घडलं. जुलै २०२४ मध्ये सिनालोआ टोळीचा म्हातारा म्होरक्या झांबादा पकडला गेला आणि टोळीच्या दोन गटांत रस्त्यावर युद्ध पेटलं. म्हणजे डोकं उडवून भागत नाही. वर सांगितलेली चारही कामं बंद पाडावी लागतात. कोर्टाचा निकाल वेळेत लागला, तर सेटलमेंटवाल्याकडे कोण जाईल? पोराच्या हाताला काम असलं, तर त्याला उपकार कशाला लागतील? खंडणीचा फोन आल्याबरोबर तक्रार झाली, तर नावाचा दरारा किती दिवस पुरेल? आणि कागद विकणारा बाबू आत गेला, तर म्होरक्या पळेल कुठं?

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण काका, रीलमध्ये तर सगळे त्याच्या पाया पडतायत."

मी म्हटलं, "त्यातल्या प्रत्येकाचा चेहरा नीट बघ. म्होरक्याचा नको बघू. त्याच्यासाठी आत गेलेली पोरं त्यांच्यातलीच. त्यांच्यावर कुणी रील केलं नाही."

त्यानं रील पुन्हा लावलं, या वेळी आवाज बंद करून.

आपल्या घरातल्या पोरांबरोबरही एकदा असं बसून बघा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.