ठासणीची बंदूक आणि दोन प्रकारची दारू

आमच्या पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंग झालं की बंदुकीने हरणांची शिकार सुरू होते आणि नाताळानंतर चकमकीच्या ठासणीच्या बंदुकांचा खास मोसम येतो. मंडळातली तरुण मुलंही आता शेजाऱ्यांबरोबर जाऊ लागली आहेत. आमच्या कोकणातल्या घरी शेतराखणीला ठासणीची बंदूक असे. त्या ओढीने मी इथल्या रेंजवर जातो. तिथे हमखास कानावर येणारा प्रश्न म्हणजे, "नव्या ठासणीच्या बंदुकीत स्मोकलेस पावडर चालते का?"

उत्तर बहुतेक वेळा 'नाही' हेच.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. साधारण ७५, १५, १० या प्रमाणात. आपल्या भुईनळ्यातली दारू हिचीच बहीण. स्मोकलेस निराळी. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी ती नायट्रोसेल्युलोजपासून बनवली. वजनाला वजन धरलं तर तिच्यात ऊर्जा कितीतरी जास्त, आणि कोंडली की नळीतला दाब झपाट्याने चढतो. काळी दारू आणि पायरोडेक्ससारखे तिचे पर्याय मापाने भरतात. त्याच मापाने स्मोकलेस भरली तर नळी फुटून हात किंवा डोळा जाऊ शकतो. नळी नव्या पोलादाची आहे किंवा तिच्यावर 'मॅग्नम' लिहिलंय, एवढ्यावर जाऊ नये.

सॅव्हेजच्या १०एमएल-टू सारख्या मोजक्याच बंदुका स्मोकलेससाठी घडवलेल्या आहेत. अशी बंदूक हाती असेल तर :

• माहितीपुस्तिकेत नाव दिलेलीच पावडर, तेवढीच आणि तीच गोळी वापरा.
• पावडर तराजूवर तोला, मापाने भरू नका. दोन दारू कधीही मिसळू नका.
• टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवा.
• रिकाम्या आणि भरलेल्या नळीसाठी गजावर खुणा करा. दुहेरी बार भरला गेला तर खूण लगेच सांगते.
• बार उडाला नाही तर तोंड निशाणाकडेच ठेवून निदान एक मिनिट थांबा.
• चष्मा आणि कानांचं संरक्षण कायम हवं.

कुणाची जुनी बंदूक विकत घेतलीत तर पुस्तिका मागून घ्या. नसेल तर कंपनीकडून मागवा. त्या त्या राज्याचे शिकारीचे नियमही दर वर्षी पाहा. आणि मुलांनो, शेजारचे काका "आम्ही तर भरतो बुवा" म्हणाले, तरी तुम्ही पुस्तिकाच उघडा.